दाराला डकवलेला उतारा

"कुलपाकडे काय पाहून राहिली? कागदाकडे पाह्य अन् वाच," सुलोचनाबाई म्हणाल्या.

सानगडीतल्या त्या खोलीला आज नवं कुलूप होतं आणि दारावर डकवलेला एक इंग्रजी कागद. खोली भंडाऱ्याच्या एका संस्थेची. निवृत्तीनंतर नऊ वर्षं बाई तिथे रोज चार वाजता गावच्या पोरांना इंग्रजी उतारे वाचायला शिकवत. रीत एकच. उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि घरी आईला सांगतो तसं आपल्या बोलीत सांगायचं. सांगता आलं नाही, म्हणजे वाचलंच नाही. खोटं कशाला सांगू, खिडकीशी बांधलेली शेजारच्या पुष्पाबाईची शेळीसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत नजर फिरवल्याशिवाय कागद तोंडात घेत नसे.

सातवीतली डिंपल ओठ हलवत वाचू लागली. कागदाखालची सही बाईंनी लांबूनच ओळखली. त्यांचीच होती.

मागच्या सोमवारी अंकुश आला होता. बाईंचा पहिला विद्यार्थी, आता भंडाऱ्यात इंग्रजीचे क्लास घेणारा. पायाला हात लावून म्हणाला, "बाई, संस्था तुमचा सत्कार करून राहिली. त्याचाच कागद हाय. सही मारा, मले बस गाठाची हाय."

बाईंनी चष्म्याकडे हात नेला, तसा तो हसला. "माह्यावर भरवसा नाही का?"

हात तिथूनच परत आला होता.

"वाचलं," डिंपल म्हणाली.

"डोळे मीट. सांग."

"राहू द्या ना, बाई."

"कायले राहू द्यायचं? सांग."

डिंपलनं डोळे मिटले. "तुमी लिवलं हाय का, माही तब्येत बरी राहत नाही. मले आता शिकवणं होत नाही. मून ही खोली अंकुश सरच्या क्लासले द्या."

"अन् सत्कार?"

"त्याचं कुठंच नाही, बाई."

पोरं पायाखालची माती उकरत उभी राहिली.

"बरोबर सांगितलं," बाई म्हणाल्या. "एक शब्द सुटला नाही. वही आण."

डिंपलनं घाईत उघडलेलं पान कोरं होतं. बाईंनी त्यावर लाल पेनानं दहापैकी दहा लिहिले. मग पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, ते पान वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि सही केली.