मास्तरांच्या डोक्याचा फोटो

मास्तर पेशाने शिंपी. ऐन तिशीत त्यांच्या कानात एक आवाज मुक्कामाला आला आणि त्यांच्या शिलाईला नावं ठेवू लागला. डॉक्टरीणबाईंनी स्किझोफ्रेनिया म्हणून सांगितलं. औषधांनी आवाज पार दबला. कधीमधी 'काज तिरकं झालं' एवढंच पुटपुटायचा. "आणि मेल्याचं खरंही असायचं," असं मास्तर स्वतःच सांगत.

आवाज दबला, पण भीती हलेना. गिऱ्हाईक दारात दिसलं की मास्तर मागच्या खोलीत पसार, आणि मापं घ्यायला थोरली बहीण, ताई, पुढे. ताईला वाटे, आजारच तो, चालायचंच. मास्तरांचं निदान वेगळं होतं: आपण जन्मजात भित्रे. हे डॉक्टरीणबाईंना सांगायची त्यांना लाज वाटे.

एकदा बाईंनीच विचारलं, "संशोधनासाठी मेंदूचा एमआरआय काढू द्याल? या आजाराच्या जोडीला चिंतेचा विकारही असला, तर मेंदूच्या रचनेत काही फरक दिसतो का, ते बघतोय. तुम्हाला उगाच भीती, धडधड असं काही?"

"छे! मला कसली भीती?" मास्तर म्हणाले. बाईंनी त्यांना भीती नसलेल्यांच्या गटात घातलं.

ठरल्या दिवशी मास्तर त्या बोगद्यासारख्या मशीनच्या फळीवर आडवे झाले. घाबरलात तर दाबा, म्हणून हातात रबरी फुगा दिला होता. फळी हलायच्या आधीच त्यांनी तो दाबला. पाणी प्यायले, पुन्हा झोपले, पुन्हा दाबला. शेवटी बाई स्वतः आत आल्या.

"मास्तर, भीती वाटत नाही ना?"

"अजिबात नाही," मास्तर म्हणाले, आणि फुगा पुन्हा दाबला गेला.

आता लपवण्यासारखं उरलं तरी काय? तिथेच, पाय लोंबकळत ठेवून, मास्तरांनी सगळं सांगून टाकलं: फोन वाजला की पोटात गोळा, लिफ्टमध्ये दरदरून घाम, गिऱ्हाइकाला बघून पळ. "आवाजावर ढकलावं म्हटलं, तर तो बिचारा यात नाहीच. हा सगळा माझा स्वतःचा उद्योग."

बाई हसल्या नाहीत. "हा भित्रेपणा नाही, वेगळा आजार आहे, आणि त्यावर वेगळा इलाज आहे. आधी सांगायचंत ना!"

"सांगायची भीती वाटत होती," मास्तर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात नीट तपासणी होऊन त्यांचा गट बदलला. या खेपेला ताई मशीनपाशी त्यांचा पाय धरून बसली. आत एवढी ठणठण चालली होती, की आवाज काही बोलला असेल तर तोच जाणे.

फोटो बघताना मास्तरांनी विचारलं, "भीती कुठे आहे यात?"

"हा इथे, बदामाएवढा भाग. भीतीशी याचा बराच संबंध असतो. पण एकट्याच्या फोटोवरून काही सांगता येत नाही. पुष्कळ लोकांचे फोटो एकत्र ताडून बघितले, तर कुठे बारीकसा फरक दिसला तर दिसतो."

"म्हणजे बघून कळत नाही?" मास्तर हिरमुसले. "आयुष्यभर इमानेइतबारे घाबरलो, एक डाग तरी पडायला हवा होता!"

ताईने कपाळाला हात लावला.

भीतीवरचे उपचार सुरू झाले. समुपदेशकाने पहिला अभ्यास दिला लिफ्टचा. मास्तर घामाघूम होऊन एक मजला वर गेले आणि जिन्याने खाली आले.

"निम्मा बरा झालो," त्यांनी ताईला सांगितलं. "वर जाणारा."