समुद्राकडचा खण

"कुसाबाई, तुम्ही जरा मागे थांबा. आधी सवाष्णींना ओटी भरू द्या," असं म्हणत वत्सलाबाईंनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

अंदमानच्या बेटावरचा लाकडी धक्का, खाली तळ दिसेल असं पाणी, आणि नाशिकच्या इंदिरानगरातलं महिला मंडळ समुद्राची ओटी भरायला रांगेत उभं. नारळ कुसाबाईनेच नाशिकहून वाहून आणलेले. शेवंतीच्या वेण्या तिच्याच मळ्यातल्या, तिनेच ओवून ओल्या फडक्यात जपलेल्या. विधवेने ओवलेली वेणी समुद्राला चालते, विधवेचा हात चालत नाही! हा कायदा ज्यांच्या सोयीचा होता त्यांनीच केला, दुसरं कोण करणार?

सून प्रतिभा मंडळाची सेक्रेटरी. ती उगाच पर्सची चेन उघडझाप करत राहिली.

कुसाबाई मागे थांबली नाही. धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला एक तगडा गडी पर्यटकांच्या पाठीवर हवेच्या टाक्या बांधून त्यांना पाण्याखाली नेत होता, तिकडे ती सरळ चालत गेली.

"माताजी, तैरना आता है?"

"आता है क्या विचारतो? कुएँ में बडी हुई मैं!"

ते खोटं नव्हतं. बापाने, झुंबर माळ्याने, तिच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून तिला विहिरीत ढकललं होतं. सासरच्या विहिरीतही ती काठावरून बेधडक सूर मारायची. मग नवरा वारला आणि सासूने बजावलं, "आता पाण्यात उतरायचं नाय. लोकं म्हणतील, जीव द्यायला गेली." सासूही मरून जमाना झाला. तरी कुसाबाई मोटारीचं बटण दाबायची आणि विहिरीत न डोकावता माघारी फिरायची.

प्रतिभा धावत आली. "आई, अहो काय हे! ह्यांना काय सांगू मी?"

"राजला सांग, आई पोहाया गेली. जीव द्यायला नाय."

"आणि हा असला काळा रबरी ड्रेस घालणार तुम्ही?"

"लुगडं नेसून बुडू का मग? धर, सांभाळ तेवढं." घडी केलेलं लुगडं तिने सुनेच्या हातात ठेवलं.

पाठीवर टाकी चढली. बापाचा डबा हलका होता. तो तिला वर ठेवायचा. ही टाकी खाली नेत होती. तोंडाने पहिला श्वास घेताना छाती दडपली, दुसऱ्याला सुटली. मग पाय आपसूक हलायला लागले. विसरले नव्हते मेले काहीच!

खाली बोटभर निळे मासे ओटीचे तांदूळ टिपत होते. पोवळ्याच्या फांदीला एक हिरवा खण अडकून हलत होता. कुसाबाईने तो अलगद सोडवला.

वर येताच वत्सलाबाई ओरडल्या, "अहो, तो ओटीचा खण! दिलेलं परत घेऊ नये."

"मी कुठं घेतला? समुद्रानंच दिला," कुसाबाई म्हणाली आणि तिने खण पिळून कठड्यावर वाळत घातला. प्रतिभाने पुढे होऊन त्याच्या चुण्या सरळ केल्या.

नाशिकला आल्यावर खाऱ्या पाण्याने कडक झालेला तो खण तिने गोटीराम शिंप्यासमोर टाकला.

"हिरवा? सूनबाईच्या मापाचा ना, मावशी?"

"माझ्या."

गोटीराम घुटमळला. "कुणी दिला म्हणायचा?"

"माहेरचा हाय," कुसाबाई म्हणाली आणि माप द्यायला दोन्ही हात पसरून ताठ उभी राहिली.