शेऱ्यांचा रकाना

अस्नाके नऊ वर्षं गल्लीच्या इद्दिरचा चिटणीस होता आणि याचं सगळं श्रेय एका फॉन्टला होतं.

इद्दिर म्हणजे कुणाकडे मयत झाली की तंबू ठोकणारी, भांडी पुरवणारी आणि तीन दिवस तंबूत कोण बसलं, कोण नाही, याची हजेरी ठेवणारी मंडळी. फॉन्ट अस्नाके आणि वुबिशेतनं छापखान्यात नोकरीला असताना मिळून काढला होता. अर्धी अक्षरं याची, अर्धी त्याची. छापखाना बंद पडला. फॉन्ट दोघांच्याच कॉम्प्युटरवर उरला. तिसऱ्याला द्यायचा नाही, अशी शपथ होती.

हजेरीची एक्सेल शीट अस्नाके याच फॉन्टमध्ये भरी आणि दर महिन्याला बाकीच्या त्रेसष्ट जणांना इमानेइतबारे पाठवी. वुबिशेत सोडला तर तिकडे नुसती टिंबं आणि उलटी प्रश्नचिन्हं उमटत. प्रत्येकाला वाटे, आपलंच यंत्र भिकार. मग तो गुपचूप अस्नाकेलाच विचारायला येई. असा चिटणीस कोण बदलणार?

शेवटच्या रकान्यात अस्नाके शेरे लिही. ‘एमामा शेवाये: रडणं उत्तम, जेवण आलं की थांबतं.’ ‘गाशे ताफेसे, अध्यक्ष: मयताचं नाव दोनदा चुकले.’ वुबिशेत ते वाचून फोनवर खो खो हसे.

या रविवारी निवडणुकीची सभा होती. अस्नाके आला तेव्हा सगळे आपापला शेरा वाचून बसले होते. आदल्या दिवशी वुबिशेतनं सगळ्यांना फॉन्ट पाठवला होता, तो कसा बसवायचा याच्या सूचनांसकट.

“मग काय बाळा,” म्हाताऱ्या शेवायेनं विचारलं, “तोंडात घास घेऊन रडू?”

अस्नाके थेट वुबिशेतपाशी गेला. “अर्धी अक्षरं माझी होती रे. तेवढी तरी गाळायचीस.”

“माझी ओळ वाच,” वुबिशेत म्हणाला आणि लॅपटॉप पुढे सरकवला.

गेल्या महिन्यात वुबिशेतची आई गेली, त्या तंबूची शीट होती. ‘वुबिशेत: रडला नाही. खुर्च्या मोजत होता.’

“सवयीनं लिहिलं गेलं.”

“तिच्या रिकाम्या जागेकडे बघायला लागू नये म्हणून मोजत होतो. तुला तेव्हाच सांगितलं होतं.”

सांगितलं होतं खरं.

चिटणीस बदलावा असं वाटणाऱ्यांनी हात वर करावेत, असं गाशे ताफेसेंनी जाहीर केलं. हात मोजणं चिटणिसाचं काम, म्हणून अस्नाकेनंच मोजले. बासष्ट. वुबिशेतचा हात खाली होता. अस्नाकेला भरून आलं.

वुबिशेतनं मुठीतले भाजक्या जवाचे दाणे तोंडात टाकले, हात झटकला आणि वर केला.