डिस्कवरची चमक

“सही करा, मिस्त्री. चारच ओळी आहेत, वाचायला पंचांग काढून बसायचं नाहीये.”

मॅनेजरने कागद काउंटरवरून पुढे सरकवला. पुढचा ब्रेक मिस्त्रीने नीट बसवला नाही, म्हणून गिऱ्हाईक उतारावर पडलं, आणि या चुकीची सगळी जबाबदारी मिस्त्रीची, असं त्यावर छापलं होतं. खाली सहीसाठी जागा सोडली होती. अगदी ऐसपैस.

ज्याची ही गोष्ट, ते गिऱ्हाईक समोरच उभं होतं. प्रोफेसर. डावा हात गळ्यात अडकवलेला, हनुवटीला चार टाके. डोंगरात चालवायची सायकल तीन दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग करून इथूनच नेली होती. पहिल्याच उतारावर पुढचा ब्रेक भोंग्यासारखा बोंबलला, पण सायकल काही थांबली नाही.

“आधी सायकल बघू द्या,” मिस्त्री म्हणाला.

“बघायचं काय त्यात?” मॅनेजर खेकसला. “माणूस पडलाय, दिसत नाही?”

“माणूस दिसतोय. ब्रेक ऐकायचाय.”

या दुकानात मिस्त्रीला तेवीस वर्षं झाली होती. त्याआधी तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, तिथेच त्याचा कान तयार झाला. बायको म्हणायची, घरात तीनदा हाक मारली तरी ह्यांना ऐकू येत नाही, आणि दुकानात चाक कुजबुजलं तरी कळतं. डिस्कब्रेकचं तर त्याला सगळं तोंडपाठ होतं. चाकाच्या मधोमध बसवलेली ती पातळ पोलादी डिस्क दोन पॅडनी दोन्हीकडून चिमटायची, एवढाच तो ब्रेक. पण आवाज किती! फेऱ्याला एकदाच ‘खिस्स’ झालं, तर डिस्क वाकडी. कराकरा खरवडलं, तर पॅड झिजून पत्र्याला पत्रा लागलेला. दाबल्याबरोबर ‘टक’ झालं, तर काहीतरी ढिलं. मालक गल्ल्यावर असताना लोक लांबून सायकली घेऊन यायचे, ‘कानवाल्या मिस्त्रीला दाखवा’ म्हणायचे.

मग मालकाने अंथरूण धरलं आणि गल्ल्यावर मॅनेजर म्हणून जावई आला. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह तर थेट दुकानाच्या डोक्यावर येऊन बसला होता. सायकलीतलं त्याला एवढंच कळायचं, की ती चकाकली पाहिजे.

मिस्त्रीने सायकल स्टँडवर चढवली. हात काळे, नखं फुटलेली, पण चाकाला लावला तो हात तान्ह्या पोराला लावावा तसा. चाक फिरवलं. काही नाही. डिस्क सरळ होती. बोल्ट हलवून बघितले, घट्ट. मग चाक जोरात फिरवून ब्रेक दाबला.

अख्ख्या दुकानात भोंगा वाजला. प्रोफेसरांनी एकाच हाताने एकच कान झाकला. आणि दाबलेल्या ब्रेकमध्ये चाक आणखी दीड फेरा फिरलं.

“हाच!” प्रोफेसर ओरडले. “हाच आवाज!”

“पॅड तेल प्यायलाय,” मिस्त्री म्हणाला. त्याने चाक उतरवलं, दोन्ही पॅड काढले आणि एक प्रोफेसरांच्या नाकाशी धरला. “काय वास येतोय?”

“लिंबाचा.”

मिस्त्रीने काउंटरखाली हात घातला आणि पॉलिशचा स्प्रे काढून ठेवला. डब्यावर लिंबाचंच चित्र होतं. “आमच्याकडची प्रत्येक सायकल गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ह्यानं चमकवतात. डिस्कवर उडालं की पॅड ते पितो. मग धुतला तरी उपयोग नाही, टाकूनच द्यावा लागतो. डिस्कवर फडकं टाका, असं चारदा सांगितलं मी. मला काय उत्तर मिळालं, सांगू?”

“मिस्त्री, तोंड सांभाळून!”

“‘गिऱ्हाईक चमक बघतं, तुम्ही तुमचे पाने बघा.’”

प्रोफेसर वळले. “स्प्रे कोण मारतं?”

काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालून बसली होती. पडदा बंद होता. मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडून एक शब्द आला असता तर आज त्याची बाजू उभी राहिली असती. पण तोंडाला भीतीने कुलूप घातलेलं, आणि भीती पोटाची. त्याला राग आला, चांगलाच आला. पण तो गिळून मिस्त्री म्हणाला, “मारायला कोण लावतं ते विचारा. बोट दाबणाऱ्याचं नाव घेऊन काय करता?”

प्रोफेसर खरं ऐकून त्याच्या बाजूने उभे राहतील, असं त्याला वाटलं असेल तर तो भाबडेपणा त्याचाच. शिकलेली माणसं अशा वेळी कागद मागतात.

“हे बघा, तुमची घरची भांडणं मला नकोत,” प्रोफेसर म्हणाले. “मला नवी सायकल हवी आणि चूक कबूल केल्याचं पत्र हवं. कोणाच्या सहीचं, ते तुम्ही ठरवा.”

“मिळेल, सर, दोन्ही मिळेल.” मॅनेजरचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. मिस्त्रीकडे वळला तेव्हा त्यातलं लोणी संपलेलं होतं. “सही कर. नाहीतर पाने गोळा कर आणि चालू लाग.”

तेवीस वर्षांत दुकानातल्या कोणी त्याला अरेतुरे केलं नव्हतं.

“कागदावर पॉलिश लिहा, जावईबापू,” मिस्त्री म्हणाला. “आत्ता सही करतो.”

पाठीमागे सगळेच म्हणायचे, तोंडावर आज पहिल्यांदा कोणी म्हटलं. मॅनेजर लाल झाला. “तासाभरात मला इथे दिसायचं नाही!” असं बोंबलून तो प्रोफेसरांना घेऊन माळ्यावरच्या केबिनमध्ये गेला.

मिस्त्रीने पाने पिशवीत भरले. मग दाराशी गेला. तिथे संध्याकाळी न्यायच्या सहा सायकली आरशासारख्या लखलखत उभ्या होत्या. त्याने एकेक उचलून दोन्ही चाकं फिरवली, ब्रेक दाबले. दोन गप्प राहिल्या, त्यांना त्याने हातही लावला नाही. बाकीच्या चारही पुढच्या ब्रेकला बोंबलल्या. तो खाली बसला आणि त्यांची पुढची चाकं उतरवून पॅड काढू लागला.

“काका,” मुलगी हळूच म्हणाली, “ते वरून बघतील.”

“बघू दे. तू पडद्यात बघ.”

ती तरीही उठून जवळ आली. तो तिच्याशी बोलला नाही. पॅड त्याने नेऊन त्या बिनसहीच्या कागदावर ओळीने मांडले. मग खणातून प्लॅस्टिकचे पिवळे तुकडे घेऊन परत आला. पॅड नसताना कोणी ब्रेक दाबला तर पॅड ढकलणारे आतले पिस्टन बाहेर पडतात आणि सगळा ब्रेक वाया जातो. आणि या दुकानात कोणीतरी दाबणारच, याची त्याला खात्री होती. रिकाम्या खाचेत तो एकेक तुकडा बसवत गेला, अंगठ्याने दाबून, हलवून बघत.

माळ्यावरून आरोळी आली, “गेला का नाही अजून?”

“एक राहिलंय,” मिस्त्री म्हणाला आणि चौथ्या सायकलीपुढे गुडघे टेकून बसला.