चंदनाशेजारची तूर

सकाळी दत्तोपंत जोशी देवघरात सहाणेवर चंदनाचे खोड उगाळू लागले, की त्याचा वास माजघर ओलांडून परसात येई आणि गोठ्यामागच्या आडोशाला रेंगाळत राही. त्यांची मुलगी चारुशीला त्या वेळी तिथे रोपांना पाणी घालत असे. पूजा आटोपली की ते गंध घरातल्या सर्वांच्या कपाळी लागे; चारुशीलेचे कपाळ मात्र आठ वर्षे कोरे होते. तेराव्या वर्षी तिचे लग्न झाले, चौदाव्या वर्षी नवरा विषमज्वराने गेला, आणि ज्या बैलगाडीने तिला सासरी पोचवले होते तीच गाडी तिला परत घेऊन आली.

परत आल्यावर पहिल्याच वैशाखात तिने अंगणातल्या वृंदावनात तुळशीचे रोप लावले. ते उन्हाने वाळले. वैशाखात लावलेले रोप कुणाच्याही हातचे वाळले असते. पण तिच्या आईने, सीताबाईंनी, ते मुकाट्याने उपटून टाकले आणि लेकीला एवढेच सांगितले, "इथून पुढं तुळशीला हात लावू नकोस. विधवेच्या हातचं रोप धरत नाही म्हणतात, ते काही खोटं नसतं."

हे वाक्य कुणा शेजारणीने विहिरीवर नेले. मग पेरणीच्या दिवसांत चारुशीला वाटेत दिसली, तर पाभर घेऊन निघालेला माणूस थांबे आणि ती दिसेनाशी झाल्यावरच पुढे पाऊल टाकी. तिला कुणी वाईट बोलले नाही. नुसते थांबत. त्या थांबण्यानेच ती पुढे परसाबाहेर पडेनाशी झाली.

गोठ्यामागे चंदनाचे एक जुने झाड होते. बुलबुल त्याची काळी फळे खात आणि बिया खाली टाकीत. माहेरी येऊन पाच वर्षे झाल्यावर चारुशीलेने त्या वेचल्या आणि करवंट्यांत, फुटक्या मडक्यांच्या बुडांत पेरल्या. पहिल्या वर्षी रोपे बोटभर वाढली, पिवळी पडली आणि गेली. दुसऱ्या वर्षीही गेली, एक सोडून. त्या एकाच्या शेजारी, धान्य पाखडताना तिच्या सुपातून उडालेला तुरीचा दाणा उगवला होता. पुष्कळ दिवस ती त्या जोडीकडे पाहत राहिली. शेवटी तिने ती करवंटी फोडली आणि माती हलक्या हाताने धुऊन काढली. चंदनाची मुळी तुरीच्या मुळीला जाऊन बिलगली होती. ते एकुलते रोप त्या दिवशी मेले; पण चंदनाला एकट्याने जगता येत नाही, हे तिला कळले. तिसऱ्या वर्षी तिने चंदनाच्या प्रत्येक बीशेजारी तुरीचे दोन दाणे टोचले, आणि सन एकोणीसशे सत्तावन्नचा आषाढ लागला तेव्हा गोठ्यामागे दीड वीत उंचीची एकेचाळीस रोपे हिरवीगार उभी होती.

अणदूरहून दोन कोसांवरच्या त्या गावात तिचा थोरला भाऊ वसंतराव शाळेचा मुख्य मास्तर होता. स्त्रीशिक्षणावर त्याने लिहिलेला निबंध शाळेच्या भिंतीवर लावलेला असे. एका दुपारी जेवताना तो म्हणाला, "अण्णा, पुढच्या रविवारी शाळेपुढं वनमहोत्सव आहे. जंगल खात्याचे शरणबसप्पा फॉरेस्टर येणार आहेत. त्यांची गंमत ऐका. येडशीला रामलिंगाच्या जंगलाजवळ त्यांची नर्सरी आहे. तिथं चंदन काही केल्या जगत नाही. जो जगवून दाखवील त्याला म्हणे नोकरी अन् राहायला खोली! मी विचारलं, बाईमाणूस असलं तर? तर म्हणाले, 'मास्तर, रोपाला काय कळतंय, पाणी बाई घालती का बुवा!'"

दत्तोपंत हसले. आमटी वाढणाऱ्या चारुशीलेच्या हातातली पळी वरच थांबली आणि एक थेंब पाटावर पडला.

"लक्ष कुठं आहे?" सीताबाई म्हणाल्या.

जेवणे झाल्यावर ती भावाला गोठ्यामागे घेऊन गेली. वसंतराव वाकून एकेका करवंटीकडे पाहत गेला.

"चारू, ही तू जगवलीस?"

"एकेचाळीस आहेत. दादा, मला येडशीला जायचंय. त्या कामावर."

त्याचा चेहरा आधी उजळला. मग त्यावर गावाच्या धास्तीची ओळखीची सावली आली. "हे बघ, आत्ताच तुझं नाव घेतलं तर गावातला एक माणूस ह्यांना हात लावायचा नाही. पहिल्या रोपाची ओटी गजराबाई पाटलीण भरणार आहेत. आधी झाडं लागू दे. तोवर प्रेमलानं वाढवली म्हणू. मग मी स्वतः साहेबांना सगळं सांगतो."

"मग म्हणजे कधी?"

"मग म्हणजे मग. विश्वास नाही तुझा माझ्यावर?"

विश्वास होता. तेवढा एकच माणूस तिच्या विश्वासाचा होता.

दाराशी उभी असलेली प्रेमला, वसंतरावाची बायको, हळूच म्हणाली, "माझं नाव कशाला? मला मेली मेथीसुद्धा धड वाढवता येत नाही."

"तुला कुणी परीक्षेला बसवत नाही," वसंतराव म्हणाला.

गुरुवारी त्याने बत्तीस रोपे शाळेच्या ओसरीत नेली. नऊ वाकडीतिकडी होती, दाखवण्याजोगी नव्हती. ती मागे राहिली. दिवेलागणीच्या सुमारास तो घरी आला तो तुरीच्या रोपट्यांची एक पेंढी घेऊन, आणि ती त्याने वासरापुढे टाकली.

चारुशीला दूध काढून उठत होती. "दादा, ही तूर कुठली?"

"रोपांतली. तण किती माजू दिलंस! साहेबांपुढं काय कडधान्याचं शेत मांडायचं? एकेक उपटून स्वच्छ केलं."

तिने दुधाचे भांडे खाली ठेवले. "मला शाळेत जाऊ दे. आत्ता. माझ्याकडं तूर आहे, परत लावते. कदाचित अजून..."

सीताबाई दारात आडव्या आल्या. "शुभकार्याची रोपं आहेत ती. तू तिकडं फिरकायचं नाहीस."

"आई, ती मरतील."

"शुभ बोल! दिवेलागणीला तोंडातून काय काढावं, काही कळतं का?"

"दादा, तू तरी ऐक. त्यांची मुळं तुरीत गुंतलेली असतात."

वसंतराव हसला. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. शिकलेल्या माणसाची समजूत होती. "अगं, शेजारचं तण काढलं की रोपाला उलट अन्न जास्त मिळतं. पुस्तकात आहे ते." आणि तो हात धुवायला गेला. वासरू सावकाश तूर खात होते. चारुशीला ते संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. प्रेमलाने ते पाहिले.

रविवारी शाळेपुढे पताका लागल्या. खड्डे खणून तयार होते. गजराबाई पाटलीण हळद-कुंकवाचे ताट घेऊन पहिल्या खड्ड्याशी आल्या आणि रोपाकडे पाहून थबकल्या. पाने खाली लोंबत होती. ओसरीतली सारी बत्तीस रोपे तशीच माना टाकून होती.

"अगं बया! ही तर मेल्यात," गजराबाई म्हणाल्या. "मास्तर, खरं सांगा, कुनाच्या हातची हायत ही?"

"घरचीच आहेत. आमच्या... प्रेमलानं वाढवलीत."

गर्दीतून महांतप्पा दुकानदार ओरडला, "मास्तरीणबाईनं? मागल्या साली ह्यांच्या दारात मिरची बी न्हाय उगवली की!" हशा पिकला. तो ओसरल्यावर कडूबाई नावाची म्हातारी कुणाला उद्देशून नव्हे अशी बोलली, "गोठ्यामागं कोन राबतंय ते समद्या गल्लीला ठावं हाय."

गजराबाईंनी ताट खाली ठेवले. "म्या ह्याला कुकू लावायची न्हाय. लेकरांच्या शाळंपुढं असलं रोप? न्हाय बाई. हाताचा गुण असतोय."

पुढच्या रांगेत बसलेल्या दत्तोपंतांची मान खाली गेली. शरणबसप्पा पुढे झाले. सडपातळ, उन्हाने काळवंडलेला तो माणूस खाकी पँट सावरून गुडघ्यावर बसला आणि नखाने खोडाची साल त्याने किंचित खरवडली.

"चार महिने जगलं अन् तीन दिवसांत मान टाकली," ते म्हणाले. "मास्तर, ह्याच्या शेजारी काय होतं?"

"काही नाही, साहेब. अगदी स्वच्छ ठेवलं होतं."

"तसं न्हवं बराबर. बाई, तुमी सांगा. तुमीच वाढवलात न्हवं?"

साऱ्या गावाचे डोळे प्रेमलाकडे वळले. तिच्या कपाळी ठसठशीत कुंकू होते, अंगावर ठेवणीतले लुगडे होते. नवरा तिच्याकडे पाहत होता, आणि त्या पाहण्यात विनवणी होती. 'वाढवली' एवढा एकच शब्द तिने उच्चारला असता तर दिवस निभावला असता. तिला वासरापुढे उभी असलेली चारुशीला आठवली.

"माझ्या हातची नाहीत ती," प्रेमला म्हणाली. "आमच्या वन्संच्या हातची आहेत. अन् त्यांच्या हातानं नाही मेली. शेजारी तूर लावली होती त्यांनी. ती आमच्याच घरच्या हातानं उपटली गेली. ही मरतील म्हणून वन्संनी गुरुवारीच सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही."

"मंजी शाप दिला म्हना की!" गजराबाई म्हणाल्या.

पण शरणबसप्पा उठून उभे राहिले होते. "तूर?" त्यांनी स्वतःशीच म्हटले. "तूर! चला बाई, मला दाखवा."

गोठ्यामागची नऊ वाकडी रोपे आपापल्या तुरीच्या आडोशाला तशीच हिरवी होती. सीताबाई पुटपुटल्या, "परका माणूस आहे, चारू, आत जा." चारुशीला आत गेली नाही. तिने एक करवंटी उचलली, माती बोटाने बाजूला केली आणि मुळीला बिलगलेली मुळी दाखवली. बोलायची सवय मोडलेल्या आवाजात तिने तिन्ही वर्षे सांगितली. मेलेली रोपे आधी, जगलेली नंतर.

"सात साल आमी नुसतं पाणी घालत बसलो," शरणबसप्पा म्हणाले. त्यांनी पिशवीतून अर्जासाठी एक कागद काढला. "दरख्वास्त लिहा. सही तुमची पायजे. नर्सरीतल्या बाया हायत, त्यांच्या शेजारी खोली हाय. काम कष्टाचं हाय, आताच सांगतो."

"सही घरचा कर्ता करतो," दत्तोपंत म्हणाले. ते मागोमाग आले होते. "अन् तो करणार नाही. जोश्यांची विधवा मुलगी जंगलात राबणार? चारू, हा उंबरा ओलांडलास तर परत यायचं कारण नाही. समजलीस?"

तिने वडिलांकडे पाहिले नाही, भावाकडे पाहिले. तो 'मग' आता आला होता. वसंतराव वासराच्या दाव्याची गाठ पाहत उभा होता. त्या एका क्षणात त्याला कितीतरी बोलता आले असते.

"अण्णा," चारुशीला म्हणाली, "सहाणेवर वाळलेलं खोड तुम्ही रोज देवासाठी उगाळता. जिवंत चंदन तेवढं माझ्या हातचं नको. तुमची अवज्ञा करायची नाही मला. पण इथं राहिले तर उद्या ही नऊसुद्धा कुणीतरी स्वच्छ करील. मी जाते."

तिने लिहायला काही शोधले. परसात तिच्या मालकीचे लेखणीसारखे काहीच नव्हते. तेव्हा प्रेमला पुढे झाली, नवऱ्याच्या खिशातला पेन तिने काढून घेतला आणि नणंदेच्या हाती दिला. चौथीच्या वर्गात थांबलेल्या अक्षरात चारुशीलेने आपले नाव लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मोटारीच्या फाट्यावर निघाल्या. नऊ करवंट्यांची पाटी प्रेमलाच्या डोक्यावर होती. वाटेत शंकरप्पा पाभर घेऊन येत होता. चारुशीलेला पाहताच तो सवयीने थांबला. चारुशीलाही रस्त्याच्या कडेला थांबली आणि म्हणाली, "तुम्ही जा पुढं. माझी मोटार यायला अवकाश आहे." तो गोंधळला. बैलांनीच पाऊल उचलले आणि तो त्यांच्या मागून तिच्यासमोरून निघून गेला. आठ वर्षांत पहिल्यांदाच.

शाळेपुढचे बत्तीस खड्डे तसेच राहिले. आठवड्याने सकाळची घंटा होण्यापूर्वी वसंतराव त्यांतल्या पहिल्या खड्ड्याशी बसून माती भुसभुशीत करत होता. बाजूला पानाच्या द्रोणात गोठ्यामागून वेचलेल्या चंदनाच्या बिया होत्या आणि मूठभर तूर. शेताकडे निघालेल्या गजराबाई थांबल्या. शाळेत आलेली पोरेही भोवती जमली.

"काय मास्तर, पुन्यांदा?" त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं न्हवतं त्या दिशी? हाताचाच गुण असतोय."

वसंतराव उठला. भिंतीवरचा निबंध समोरच दिसत होता, त्याच्याच वळणदार अक्षरातला. त्याने मातीने भरलेले दोन्ही तळवे पाटलीणबाईंपुढे, साऱ्या पोरांदेखत, उघडे धरले.

"व्हय, पाटलीणबाई," तो म्हणाला. "हाताचाच गुण. ती रोपं ह्या हातांनी मेली."