नियम विसरणारी मुलगी

माइक हातात घेऊन कॅप्टन केली एवढंच म्हणाली, "थँक यू. वी डिक्लाइन."

*

रोबॉटच्या बारा बॅटऱ्या. अकरांवर पांढरी पट्टी, एकीवर निळी. निळीवर मार्करने इंग्रजीत लिहिलेलं: हिच्यावर विश्वास ठेवू नका.

*

बाथरूमच्या जाळीत लेकीच्या केसांचा पुंजका. सिसिलियाने तो टिश्यूत गुंडाळला आणि कुणाला काही न बोलता टाकून दिला.

*

गाडीच्या दारातला कप्पा: पाण्याची अर्धी बाटली, गेल्या इस्टरचं चर्चचं पत्रक, कोपरे दुमडलेली स्पर्धेच्या नियमांची पुस्तिका.

*

फ्रिजवर चुंबकाने लावलेलं वेळापत्रक. पहिली ओळ, पहाटे ४.५०: ऊठ. शेवटची ओळ रिकामी.

*

शनिवारी सकाळी अकराला सिरिल वॉशिंग मशीनपुढे उकिडवा बसून खालचं झाकण पिळत होता. मशीन तीन दिवस खडखडत होतं. झाकण सुटलं, गढूळ पाणी परातीत आलं, आणि पाण्यामागून दोन नट, एक बारीक स्क्रू आणि पन्नास फिल्सचं नाणं.

"सिसी, तुझ्या लेकीचा रोबॉट आपण कपड्यांसोबत धुतोय बघ."

"हळू बोल. झोपलीय ती."

"अजून? अकरा वाजले."

"वाजू देत." सिसिलिया फुग्यांचं, वसईकडच्या तळलेल्या गोळ्यांचं, पीठ फेटत होती. क्लिनिकच्या रिसेप्शनवरून तिला आठवड्यातून हा एकच दिवस सुट्टी, आणि फुग्या करायला ती तेवढाच दिवस वापरायची. "आठ दिवस झाले, झोपली की पोरगी झोपल्यासारखी दिसते. आधी झोपेत पण सॉरी, सॉरी."

सिरिलने नट फडक्याला पुसून खिडकीत ठेवले. त्याला ते सॉरी माहीत होतं. डिसेंबरात एकदा पाणी प्यायला उठला तेव्हा त्यानेही ऐकलं होतं, आणि काहीतरी स्वप्न असेल म्हणून परत जाऊन आडवा झाला होता.

केली अकरावीला. सप्टेंबरात शाळेच्या रोबॉटिक्स टीमची कॅप्टन झाली, तेव्हा सिरिलने हॉटेलच्या अख्ख्या फ्रंट ऑफिसला लाडू वाटले होते. सहा मुलं, एक रोबॉट आणि मुरलीधर सर. कॅप्टनने काय करायचं ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं, म्हणून केली सगळंच करायची. अजमानहून पावणेसहाला निघायचं, शाळा सुटली की सातपर्यंत लॅब, घरी येऊन दुसऱ्यांच्या वाटणीची रोबॉटच्या नोंदींची वही पण हिनेच लिहायची. चर्चच्या क्वायरमधून नाव काढलं. जानेवारीत एकदा जेवताना चमचा तोंडात तसाच राहिला आणि ती बसल्या बसल्या झोपली. सिरिलने त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला होता. वसईहून चौदा जणांनी हसण्याची चिन्हं पाठवली.

मग गेला शनिवार. दुबईचा हॉल, अठ्ठावीस शाळा. दुपारपर्यंत केलीची टीम नववी. बाद फेरीत एकट्याने उतरायचं नसतं. पहिल्या आठ शाळांनी आपापला एक जोडीदार निवडायचा असतो. सगळे कॅप्टन मैदानात रांगेने उभे राहतात, नाव पुकारलं की पुढे यायचं आणि माइकवर हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हटलं, तर त्या टीमला पुन्हा कुणी बोलवू शकत नाही. तिचा दिवस तिथे संपला.

तिसऱ्या नंबरवर खलिफा सिटीची एक शाळा होती. तिच्या कॅप्टनने केलीच्या टीमचं नाव घेतलं. ती जोडी जिंकणार, हे गॅलरीत बसलेल्या आयांनाही कळत होतं. जिंकले की पुढे सहा आठवडे तयारी आणि मग देशपातळी. सिरिलने दोन्ही अंगठे वर केले.

केलीने टीमकडे बघितलं नाही. मान वर करून गॅलरीत बापाला शोधलं, त्याचे अंगठे बघितले, आणि माइक तोंडाजवळ नेला.

हॉलमध्ये आधी कुणीतरी हसलंच. मग अफनान रडायला लागली. अफनान म्हणजे टीमची ड्रायव्हर, रोबॉट चालवणारी. रत्नागिरीची, केलीची पहिलीपासूनची मैत्रीण. मुरलीधर सर डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं, दुसरं कोणी बोलवेल असं वाटलं का तुला?" केली काही बोलली नाही. तिचं न बोलणं सगळ्यांनी 'हो' असं धरलं. टेन्शनमध्ये पोरगी नियम विसरली, अशी गोष्ट पार्किंगपर्यंत पोचता पोचता पक्की झाली. परतीच्या वाटेत ती मागच्या सीटवर आडवी झाली ती घर येईपर्यंत उठली नाही.

तेव्हापासून अफनानने तिच्याकडे बघितलं नव्हतं. केली शाळेत जात होती, तीनला परत येत होती, जेवत होती, झोपत होती.

ओट्यावर सिरिलचा फोन वाजला. हात ओले, म्हणून त्याने स्पीकर लावला. मुरलीधर सर.

"सिरिलभाऊ, गुड न्यूज. उम्म अल कुवैनला एक ओपन कॉम्पिटिशन आहे, मार्चअखेर. आपली एंट्री घेतली त्यांनी."

"अच्छा."

"सोमवारपासून प्रॅक्टिस. मुलांना समजावलंय मी, झालं गेलं खलास. केलीला म्हणावं, चूक कुणाची पण होते. फक्त ह्या वेळी नियम नीट वाच."

सिसिलियाचा हात पिठात थांबला. बेडरूमचं दार उघडं होतं. दारात केली उभी होती, एका गालावर उशीची घडी उमटलेली, चुलत्याचा जुना टी-शर्ट गुडघ्यापर्यंत. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिची बोटं चौकटीवर होती आणि बोटांची पेरं पांढरी पडत होती.

सिरिलने तिच्याकडे बघितलं. मग पाठ वळवून तो खिडकीतल्या नटांशी बोलल्यासारखा बोलू लागला.

"सर, एक सांगू का? वाईट नका वाटून घेऊ. तिला नाही जमणार."

"म्हणजे?"

"म्हणजे पोरगी चांगली आहे हो, पण नियम तिच्या लक्षात राहत नाहीत. लहानपणापासून तसंच. कॅरमला बसवा, सोंगटी कोणाची ते विसरते. आमच्या घराण्यातच आहे ते."

"पण सिरिलभाऊ, ती तर एवढी ऑर्गनाइज्ड..."

"वरवर, सर. आत सगळा गोंधळ. परत ऐन वेळी काहीतरी बोलून बसेल, बाकीच्या पोरांचं नुकसान. मी बाप म्हणून सांगतोय. अफनानला करा ना कॅप्टन. ती पोरगी तेज आहे. आणि कामं वाटून द्या, सर. सहा पोरं आहेत."

मग सर म्हणाले, "केलीला वाईट वाटेल."

"ते मी बघतो."

फोन ठेवून तो वळला. केली अजून दारातच होती.

"डॅडा," ती म्हणाली, "आय नेव्हर फर्गॉट अ रूल इन कॅरम."

"हो का? मला तसं आठवतंय."

"यू मेड मी साउंड सो डम्ब."

"मग? उद्या चर्चमध्ये पण सांगणार आहे सगळ्यांना."

तिचा ओठ आधी हसण्याकडे गेला आणि मध्येच वाकडा झाला. ती आली, त्याच्या खांद्यात तोंड खुपसून उभी राहिली. सिरिलचे हात मशीनच्या पाण्याने काळे झालेले, म्हणून त्याने ते लांब धरून ठेवले, दोन्ही बाजूंना, पोलिसांनी पकडल्यासारखे. त्याचा शर्ट खांद्यावर ओला होत गेला.

"डॅडा, डू यू नो..."

"मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "पोटात काही घालशील का?"

सिसिलियाने नाक वर ओढलं आणि पहिली फुगी तेलात सोडली. ती टम्म फुगून स्वतःच उलटली.

केली सहावी फुगी खात होती तेव्हा तिचा फोन वाजला. अफनानचा व्हॉइस मेसेज. केलीने तेलकट बोटाने तो स्पीकरवर लावला.

"केली, सुन ना. सर मला कॅप्टन हो म्हणतायत. आय सेड इन्शाल्ला. तुला राग नाय ना? आणि ऐक, आठ दिवस बोलली नाय मी, सॉरी. पण तू पण ना, कमाल आहेस यार. एवढासा नियम?"

केलीने वर बापाकडे बघितलं. सिरिल फ्रिजवरचं वेळापत्रक काढून त्याची नीट चौकोनी घडी घालत होता. मग ती घडी त्याने झाऱ्याखाली, तेल टिपायला ठेवली.

"यल्ला, चल, डू इट," केली फोनमध्ये म्हणाली. "अँड अफनान, निळ्या पट्टीची बॅटरी फेकून दे. आय शुड हॅव थ्रोन इट इन ऑक्टोबर."

मग तिने सातवी फुगी उचलली.

जानेवारीतल्या एका सकाळी, अजमानच्या सिग्नलला गाडी अडकली असताना, सिरिलने पुस्तिका मांडीवर उघडी धरून निवडीत नाही म्हटलं तर काय, तो नियम विचारला होता. केलीने डोळे मिटूनच तो शब्द न् शब्द म्हणून दाखवला, आणि पान सत्तावीस, असंही सांगितलं.