बाईंची निळी मिशी

मी एका रेकॉर्डचं कव्हर बोलतोय. व्हायोलिन वाजवणाऱ्या एका बाईंचा मोठा फोटो माझ्यावर आहे. छापखान्यातून आलो तेव्हा असा झळकत होतो, की दुकानदारानं मला थेट काचेत उभं केलं. मालकांनी रेकॉर्ड न ऐकताच मला उचललं, याचा मला अजून तोरा आहे. पुढे मात्र वाजायची ती आणि कोपरे झिजायचे माझे.

मालक भारी कडक. हात धुतल्याशिवाय आम्हाला कुणी शिवायचं नाही. एका दुपारी त्यांच्या चिमुरड्या लेकीनं निळ्या पेनानं बाईंना झुपकेदार मिशी काढली. मालकीणबाईंनी घाईघाईनं तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"अगं, बाईंना मिशी कसली?" मालकांनी विचारलं.

"बाई कुठायत? तुम्ही आहात ते!"

मालक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

त्याच वर्षी ताप मेंदूत गेला आणि पोर गेली. मालकीणबाईंना तिची कुठलीच वस्तू बघवेना, त्यांनी कपडे, खेळणी सगळं देऊन टाकलं. तिचं नावही घरात कुणी घेईना. मी रेकॉर्डांच्या गर्दीत होतो म्हणून वाचलो. मालक अधूनमधून मला मांडीवर घेऊन बसत. रेकॉर्ड लावत नसत.

मुलगा नंतर झाला. आपल्याला एक ताई होती, एवढंच त्याला ठाऊक. मालकीणबाई गेल्यावर मालक त्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. तिथं आम्हाला जागा नव्हती, शिवाय बुरशीही लागली होती.

"बाबा, गाणी कॉम्प्युटरवर घेतो. गाणं लावलं की त्याचं कव्हर पडद्यावर दिसेल."

"फोटोत सगळं येतं ना रे?"

"सगळं. अगदी हुबेहूब."

या शब्दावर मालकांनी मला हातातून सोडलं.

मुलगा मनापासून खपला, खोटं कशाला बोलू? स्कॅनरची काच लहान, मी मोठा. आधी माझा अर्धा भाग, मग फिरवून उरलेला, मग दोन्ही पडद्यावर जोडायचे. जोडून झाल्यावर त्यानं डाग पुसले, बुरशी पुसली. मग बाईंचा ओठ मोठा करून घेतला आणि मिशी पुसायला बसला. मी टेबलावर पडून बघत होतो. जीव नुसता तळमळत होता. बाई कोऱ्या करकरीत झाल्या आणि त्यानं तो फोटो जुन्यावरच सेव्ह केला. मग आम्हा सगळ्या कव्हरांना रद्दीत घातलं.

मालकांनी पडद्यावर बिनमिशीच्या बाई बघितल्या असणार, कारण आज दोघं मला शोधत इथं रद्दीच्या गोदामात आले.

"काका, कालचा माल दाबून गठ्ठे झालेत," रद्दीवाला म्हणाला. "आता कुठं शोधणार?"

"बाबा, चला ना. फोटो आहे की! ती मिशी काढायला माझी अख्खी दुपार गेली."

"ती तुझ्या ताईनं काढली होती."

मुलगा तसाच मागे धावला. मग गठ्ठ्यांवर चढून पट्ट्या ओढू लागला. बोटं कापली तरी थांबेना. शेवटी रद्दीवाल्यानं त्याला खाली ओढलं. मी अगदी तळाच्या गठ्ठ्यात होतो, त्याच्या हाताबाहेर.

वाचणाऱ्यांनो, जुन्या वस्तूवरचा डाग खुशाल पुसा, पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा कुणाचा म्हणून. मला आता लगदा व्हायला जायचंय. मिशी अजून माझ्यावर आहे, निळीच्या निळी.

आमचा ट्रक सुरू झालाय. मालक फाटकापाशी उभे आहेत, आणि मी त्यांच्या समोरूनच चाललोय.